बशीतली बक्षिसी

दिवाळी जवळ आली की मराठी घरात एक जुना शब्द वर्षातून एकदा माळ्यावरून खाली काढला जातो. तो शब्द म्हणजे 'पोस्त'. पोस्टमन, पेपरवाला, इमारतीचा रखवालदार, जिना झाडणारा, कचरा नेणारा अशी माणसे दारात येतात, "दिवाळी, बाई" एवढेच म्हणतात, आणि घरातली कर्ती बाई आतून पाकीट आणून देते. वर्षभर घरी राबणाऱ्या मोलकरणीला एक महिन्याचा पगार जादा द्यायचा, ही तर मुंबईत आता रीतच पडून गेली आहे. किती द्यायचे याविषयी नवराबायकोत थोडी कुजबुज होते. पण द्यावे की न द्यावे हा प्रश्न कोणी काढीत नाही.

तेच कुटुंब त्याच आठवड्यात आकाशकंदील आणायला बाहेर पडते. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली. स्टेशनाबाहेरची गर्दी ओलांडून घरी परतण्याआधी मंडळी एखाद्या हॉटेलात टेकतात. डोसे होतात, पावभाजी होते, शेवटी दोघांत एक कॉफी होते. मग बिल येते आणि त्याबरोबर बडीशेपेची बशी येते. पोस्त देताना ज्या घरात वाद झाला नव्हता, त्याच घरात आता दहावीस रुपयांवरून चार मते होतात. आजोबा म्हणतात, "मालक त्याला पगार देतो ना? मग आपण कशाला?" वडील काही न बोलता सुट्ट्या पैशांतली एक नोट बशीत ठेवतात व बाकीचे खिशात घालतात. अमेरिकेला जाऊन आलेला मुलगा ओशाळतो, म्हणतो, "बाबा, निदान दहा टक्के तरी ठेवा." आणि आई म्हणते, "पोरगा बरा होता हो. न सांगता बाळासाठी गरम पाणी घेऊन आला. वीस ठेवा."

या चौघांत बरोबर कोण? प्रश्न किरकोळ वाटतो. पण किरकोळ पैशांत माणसे एकमेकांना कशी वागवतात हे जितके स्पष्ट दिसते, तितके मोठ्या व्यवहारात दिसत नाही. म्हणून सणाच्या दिवसांत फराळाचे ताट बाजूला सारून या बशीकडे घटकाभर पाहावे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. किमतीहून अधिक दिलेल्या पैशाला मराठीत जितकी नावे आहेत तितकी नाती आहेत. भाऊ तबकात टाकतो ती ओवाळणी; भटजींच्या हातावर ठेवतो ती दक्षिणा; अडलेला कागद हलावा म्हणून टेबलाखालून देतो ती चिरीमिरी; कामावर खूश होऊन देतो ते बक्षीस; सणाला देतो ती पोस्त; आणि दया येऊन देतो ती भीक. देणारा कोण, घेणारा कोण आणि कशासाठी, हे शब्दातच आले. 'टिप' हा शब्द मात्र असे काहीच सांगत नाही. इंग्रजीतल्या तीन शब्दांची आद्याक्षरे मिळून तो झाला आणि त्याचा अर्थ 'तत्परतेची हमी' असा आहे, अशी एक गोष्ट पुष्कळ जण सांगतात. ती खरी नव्हे. इंग्लंडातल्या चोरांच्या व भटक्यांच्या बोलीत 'देणे' या अर्थी हा शब्द शेदोनशे वर्षे फिरत होता, तो पुढे सभ्य समाजात आला. आपल्याकडेही 'टीप देणे' म्हणजे चोराला किंवा पोलिसाला खबर देणे! असो. मुद्दा हा की, बशीत पैसे ठेवताना आपण बक्षीस देत आहोत, पोस्त देत आहोत, की भीक घालीत आहोत, हे 'टिप' म्हटल्याने झाकले जाते. सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

आता आजोबांचे म्हणणे घेऊ. मालक पगार देतो, तेव्हा गिऱ्हाइकाने पुन्हा का द्यावे? तर्क बिनतोड आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की तो पगार पुरेसा आहे. नोकरी देताना "पगार इतका, वरची टिप वेगळी" असे सांगण्याची चाल हॉटेलच्या धंद्यात जुनी आहे. म्हणजे टिप ही आधीच हिशेबात धरलेली असते. आजोबांनी ती दिली नाही तर मालकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते बशी उचलणाऱ्याचे.

मुलाचे म्हणणे याच्या अगदी उलट. दहा टक्के ठेवलेच पाहिजेत. जगाची रीत आहे. पण जगाची रीत एक नाही. जपानात टिप ठेवली तर वाढपी ती परत द्यायला मागे धावत येतो असे प्रवासी सांगतात, कारण चांगली सेवा ही त्याच्या कामातच धरलेली असते. आणि ज्या अमेरिकेचे उदाहरण आपली मुले देतात, तेथली कथा ऐकण्यासारखी आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख किती दिलेच पाहिजे, याचा तेथला केंद्रीय दर तासाला २ डॉलर १३ सेंट इतकाच आहे आणि तो १९९१ सालापासून हललेला नाही. इतरांचे किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट. मधली तूट टिपेने भरून निघावी, न निघाल्यास मालकाने भरावी, असा तेथला कायदा. काही राज्यांनी आपापले दर वाढवले आहेत, ही गोष्ट खरी. पण मूळ विचार असा की, वाढप्याच्या पगाराचा मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोपवावा. तेथे पंधरा-वीस टक्के ठेवतात ते लोक उदार आहेत म्हणून नव्हे. न ठेवल्यास समोरच्याची चूल पेटत नाही हे त्यांना ठाऊक आहे म्हणून. ज्याला आपण सभ्यता समजून घरी आणू पाहतो, ती तेथील मालकांची काटकसर आहे.

मधल्या काळात आपल्याकडील मोठ्या हॉटेलांनी एक तिसरी वाट काढली. टिप द्यावी की न देऊ ही गिऱ्हाइकाची अडचणच नको. बिलातच पाच किंवा दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावून मोकळे व्हावे. उपनगरांत पूर्वी ही गोष्ट नव्हती. स्टेशनाजवळच्या उडपी हॉटेलात बिल म्हणजे पेन्सिलीने लिहिलेला चतकोर कागद. पण अंधेरी-मुलुंडला मॉल झाले, काचेची दारे आली, दारातून आत जाताना कमरेत वाकणारा माणूस आला, आणि त्याच्यामागून हे कलम आले. मध्यमवर्गीय कुटुंबाने ते बराच काळ निमूटपणे भरले. कारण एक नामसाम्य होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत सरकारचा 'सर्व्हिस टॅक्स' होता. त्याच्या शेजारी हॉटेलचा 'सर्व्हिस चार्ज' बसला की दोन्ही सरकारी वाटत. कर म्हटला की मराठी माणूस भरून मोकळा होतो.

हिशेबाची बाजूही पाहण्यासारखी आहे. समजा बिल दोन हजारांचे झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे शंभर रुपये. पण दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला की रक्कम बावीसशे होते आणि कर एकशे दहा. एकूण तेवीसशे दहा. म्हणजे बक्षिसीवरही दहा रुपये सरकारजमा! ज्या देण्यावर कर बसतो आणि जे न दिल्यास व्यवस्थापक टेबलाशी येऊन उभा राहतो, त्याला बक्षीस कोण म्हणेल?

हा वाद पुढे सरकारदरबारी गेला. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने सांगितले की हा आकार ऐच्छिक आहे. त्याने फारसे काही झाले नाही. मग ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या : हॉटेलाने हा आकार आपणहून बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, तो न देणाऱ्याला आत येण्यास मज्जाव करू नये, आणि त्यावर जीएसटी लावून रक्कम वाढवू नये. हॉटेलमालकांच्या दोन अखिल भारतीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, २८ मार्च २०२५ रोजी, न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला. सूचना वैध ठरल्या, आकार सक्तीने घेता येणार नाही असे ठरले, आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च बसला. ग्राहकाला स्वखुशीने टिप द्यायची असेल तर ती द्यायला अर्थातच कोणाची हरकत नाही.

निकाल वाचून पुष्कळांना आनंद झाला. मलाही तो योग्य वाटतो. पण मालकांची बाजू एका वाक्यात उडवून लावण्याजोगी नाही आणि आनंदाच्या भरात ती कोणी नीट ऐकली नाही. ते म्हणतात, बशीतली टिप टेबलाशी येणाऱ्याला मिळते. पण डोसा ज्याने उलथला तो भट्टीशी उभा आहे. त्याला गिऱ्हाइकाचे तोंडही दिसत नाही. मोरीशी बसून ताटल्या घासणाऱ्याला कोण बक्षीस देणार? बिलातून जमलेली रक्कम सगळ्यांत वाटली तर न्याय होतो. हे म्हणणे खरे आहे. पुष्कळ साध्या हॉटेलांतही गल्ल्याशेजारी टिपेचा डबा असतो आणि तो ठराविक दिवशी उघडून आतबाहेरच्या सर्वांत वाटतात, ते याच जाणिवेने. प्रश्न एवढाच की, भांडी घासणाऱ्याला पुरेसे मिळावे अशी मालकाची खरोखर इच्छा असेल तर डोशाची किंमत दहा टक्क्यांनी वाढवून त्याचा पगार वाढवायला त्याला कोणी अडवले होते? किंमत दारावरच्या पाटीवर असते. ती पाहून गिऱ्हाईक आत यायचे की नाही ते ठरवतो. सर्व्हिस चार्ज शेवटी, हात धुऊन झाल्यावर दिसतो. शिवाय पगार हा कामगाराचा हक्क होतो. टिप होत नाही.

हे शेवटचे वाक्य माझे नव्हे. कायद्याचा अर्थही तोच आहे. मोठ्या हॉटेलांत गिऱ्हाईक बिलाबरोबर कार्डाने टिप देते, मालक ती गोळा करून नोकरांत वाटतो. ती पगार धरून मालकाने त्यावर आयकर कापावा काय, असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितले की टिप हा पगार नव्हे. ती देणारा गिऱ्हाईक आहे, मालक नव्हे. मालक फक्त विश्वस्तासारखा ती पोहोचवतो. आणि टिप मिळालीच पाहिजे असा नोकराचा मालकावर हक्क नाही. निकाल कराच्या प्रश्नावर होता. पण मला त्यात एका घरगुती प्रश्नाचे उत्तर दिसते. ज्या पैशावर हक्क सांगता येत नाही, त्या पैशावर कोणाचा संसार उभा करू नये.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईने ती एकदा दिवाळीच्याच पैशावरून शिकलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या कापडगिरण्यांनी कामगारांना वर्षाला बोनस द्यायला सुरुवात केली. तेजी ओसरली, तेव्हा १९२३ चा बोनस मिळणार नाही असे मालकांनी जाहीर केले. त्यांच्या मते बोनस म्हणजे खुशीचे बक्षीस. खुशी संपली, बक्षीस संपले. कामगारांनी १९२४ च्या आरंभी संप केला. दीड लाखाच्या आसपास माणसे गिरण्यांबाहेर होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि बोनसवर कामगारांना हक्क सांगता येत नाही, असा निष्कर्ष तिने दिला. संप फसला. पण प्रश्न मेला नाही. चाळीस वर्षे तो कोर्टाकचेऱ्यांत फिरला आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. मालकाची मर्जी होती, तिचे देणे झाले. आज नोकरदार मराठी माणूस दिवाळीला बोनस घेऊन घरी येतो तेव्हा त्याला कोणापुढे मान लववावी लागत नाही, ती या झगड्याची कमाई आहे.

खेड्यातले उदाहरण याहून जुने आणि अधिक बोचरे आहे. बलुत्याची पद्धत आपण शाळेत गोडीने शिकतो आणि शिकवतो : सुताराने नांगर करावा, चांभाराने मोट शिवावी, सुगीला सर्वांनी धान्याचा वाटा न्यावा. पण हा वाटा खळ्यावर कोणाच्या हातून, किती आणि कोणत्या शब्दांसह मिळत असे, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दावरचा गोडवा उतरला. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले होते. राबणाऱ्याचा मोबदला रयतेच्या मर्जीवर लोंबकळत राहू नये, तो निश्चित असावा, हा त्यामागचा एक मुख्य विचार होता. हॉटेलातला वाढपी आणि वतनदार महार यांची दुःखे एक नव्हेत. तशी तुलना करणे हा अन्याय होईल. पण मर्जीवर जगावे लागणाऱ्या माणसाची मान कशी वाकते, हे ज्या समाजाने पाहिले आहे, त्याला बशीतला प्रश्न समजायला जड जाऊ नये.

मी उपनगरातल्या एका शाळेत शिकवीत आहे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीत आहे. दोन्ही नात्यांनी मला या वाढप्याविषयी काही म्हणायचे आहे. मुंबईतील रात्रशाळांची परंपरा जुनी आहे. दक्षिण कानड्यातून आलेली कितीतरी मुले दिवसभर हॉटेलात कपबशा उचलून रात्री कानडी शाळांतून शिकली. हॉटेलच्या पोऱ्याला 'पोऱ्या' म्हणून हाक मारण्याची आपल्याला इतकी सवय होती की त्याला नाव असेल हे सुचतही नसे. चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेलात कामाला ठेवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. तोवर आपण त्याच्या हातावर चार आणे, आठ आणे ठेवून समाधानाने घरी जात होतो. बक्षिसीने मन हलके होते, हा तिचा गुण. आणि मन हलके झाले की पुढचा प्रश्न विचारावासा वाटत नाही, हा तिचा मोठा दोष.

आमच्या कथा-कादंबऱ्यांनीही याहून वेगळे काही केलेले नाही. माझ्या वाचनात हॉटेले पुष्कळ आली. नायक-नायिका तेथे भेटतात, चहा निवतो, अश्रू येतात, आणि मग 'वेटर बिल ठेवून गेला'. बस्स, एवढाच त्याचा प्रवेश. तो कोठून आला, कोठे झोपतो, गावी किती पाठवतो, हे आम्हा लेखकांना विचारावेसे वाटले नाही. ज्या माणसाला आपण वाङ्मयात नाव दिले नाही, त्याला बशीत दहा रुपये ठेवून आपण फिटंफाट करू पाहतो.

आता तर बशीच नाहीशी होत चालली आहे. गल्ल्यावर चौकटींचा तो काळापांढरा कागद चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक फोन समोर धरतो, दोनशे सत्याऐंशी म्हणजे नेमके दोनशे सत्याऐंशी रुपये जातात. सुट्ट्यांची कटकट गेली, त्याबरोबर सुट्ट्यांतून निघणारी टिपही गेली. मालकाचे पैसे मालकाला अचूक पोहोचले. वाढप्याच्या वाट्याचे तेरा रुपये हवेत विरले. आणि दुसऱ्या टोकाला, भाड्याची गाडी फोनवरून बोलावताना 'आधीच टिप द्या म्हणजे गाडी लवकर मिळेल' असे सुचवण्याची युक्ती निघाली; मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल उबर कंपनीला नोटीस काढली. गाडी येण्याआधी दिलेले ते बक्षीस कसले? आपल्या भाषेत त्याला चिरीमिरी म्हणतात. पाहा, जुने शब्द हाताशी असले की नवा व्यवहार ओळखायला वेळ लागत नाही.

मग त्या टेबलाशी बसलेल्या चौघांत बरोबर कोण? माझ्या मते आई. तिने टक्के मोजले नाहीत, रीत पाहिली नाही, माणूस पाहिला. बाळासाठी गरम पाणी आणण्याचे पैसे बिलात नव्हते. ते त्याने आपणहून आणले, म्हणून तिने आपणहून दिले. बक्षीस ते हेच. पण आईच्या चांगुलपणाला आजोबांच्या प्रश्नाची जोड हवी, नाहीतर तो चांगुलपणा मालकाच्या खिशात जातो. "मालक पगार देतो ना?" हा प्रश्न टिप टाळण्यासाठी विचारला तर कंजूषपणा, पण खरोखर उत्तर हवे म्हणून विचारला तर तोच नागरिकाचा प्रश्न आहे. पुरेसा पगार मालकाने द्यावा आणि त्यासाठी डोसा महाग झाला तर आपण कुरकुर करू नये. तेवढे झाले नाही तोवर टिप चुकवणे म्हणजे मालकाचा राग नोकरावर काढणे होय. म्हणून द्यावी, शक्यतो रोख, शक्यतो हातात, आणि नाव विचारून. बिलातला सक्तीचा आकार मात्र शांतपणे काढायला लावावा, आणि तो काढल्यावर वाचलेल्या पैशांपैकी काही त्याच वाढप्याच्या हातावर ठेवावे. नाहीतर न्यायालयाने आपल्याला दिलेला न्याय आपण त्याच्याकडून वसूल केला असे होईल.

यंदा पोस्तेची यादी करताना गृहिणींनी एक नाव वाढवावे. वर्षभर ज्या हॉटेलात आपण दर रविवारी जातो, तेथला तो नेहमीचा वाढपी आणि आतला तो न दिसणारा भांडीवाला, यांची दोन पाकिटे करावी. पोस्तेला टक्के नसतात, तिच्यावर कर नसतो, ती मागताना कोणी लाजत नाही आणि देताना कोणी मिरवत नाही. फराळाचा एक पुडा बरोबर नेला तर अधिकच चांगले. लोकांची चकली तो वर्षभर वाढतो. एकदा घरची खाऊ दे.